सटवाईपुढचं पेन

लेथवर रेझिन कातताना जी साल निघते ती अंगाला चिकटते. लाकडाचा भुसा झटकला की पडतो, ही पडत नाही. निळ्या-हिरव्या बारीक तारा केसांत, पदराला, ब्लाउजच्या बाहीला लटकून राहतात. ओढून काढली की बोटाला चिकटते, बोटावरून झटकली की पुन्हा साडीवर येते. संध्याकाळी मी शेडमधून घरात शिरले की आत्या म्हणायची, "आली बघा होळी खेळून. बारा महिने शिमगा हिचा."

आत्या म्हणजे माझ्या नवऱ्याची आत्या. तिला कोंडाण्याला दिलेली, आणि कोंडाणं माझं माहेर. त्यामुळे ती मला माझ्या जन्मापासून ओळखते. माझं लग्न तिनंच जमवलं. पुढे तिचा नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, मग ती माहेरी परत आली, म्हणजे आमच्या घरी. आमचं गाव कर्जतहून खालापूरकडे जाताना लागतं. भातशेती आहे, पण आता घरटी एक तरी माणूस कुठल्या ना कुठल्या कामावर जातं.

शेड माझ्या धाकट्या दिराची. मी त्यांना भावजी म्हणते. ते खालापूरकडच्या एका कारखान्यात टर्नर होते. कारखान्यानं माणसं कमी केली तेव्हा घरी आले आणि बरेच दिवस नुसते ओट्यावर बसून असायचे. म्हशी विकल्यावर गोठा रिकामाच होता. एक दिवस टेंपोत घालून एक जुनं लहान लेथ मशीन आणलं आणि गोठ्यात बसवलं. तीच ही शेड. लोखंड कातणारा माणूस आता पेनं कातणार म्हटल्यावर गाव हसलं. आज लोक मोबाइलवर फोटो बघून त्यांची पेनं मागवतात आणि ते आठवड्यातून एकदा पार्सलं घेऊन कर्जतला जातात.

पेन होतं ते असं. रेझिन पाकासारखं दाट असतं. त्यात हार्डनर मिसळून साच्यात ओतलं की एक-दोन दिवसांत दगडासारखं घट्ट होतं. त्याची बोटापेक्षा थोडी लांब, चौकोनी कांडी निघते. कांडीला आरपार भोक पाडायचं, आत पितळेची नळी चिकटवायची, मग लेथवर चढवून गोल कातायची. कातून झाली की ओल्या पॉलिश पेपरनं घासायची. आधी खरखरीत कागद, मग बारीक, मग त्याहून बारीक. शेवटचा कागद हाताला कागद वाटतच नाही, जुनं धुतलेलं लुगडं वाटतं. घासणं, पुसणं आणि चकाकी आणणं हे माझं काम होतं. भावजींनी एकदा हाताशी कुणीतरी हवं म्हणून मदतीला बोलावलं, मी गेले, आणि मग रोजच जाऊ लागले.

कातायचं काम मात्र त्यांचं. मी त्यांच्या मागे उभी राहून बघायची. चौकोनी कांडी गरगर फिरते, तिला हत्यार टेकतं, आणि तिचे कोपरे जाऊन आतून रंग वर येतो. कांडी बाहेरून अगदी मळकट दिसते, आत काय आहे ते कातल्याशिवाय कळत नाही. मला ते करावंसं वाटायचं. पण मला काही मागायचं म्हटलं की जीभ टाळ्याला चिकटते. लहानपणापासून तसंच आहे. भावजींनी कधी म्हटलं नाही आणि मी कधी विचारलं नाही.

आता कोळशाची गोष्ट सांगते, कारण तिच्यामुळेच पुढचं सगळं झालं.

आमच्याकडे बाळाच्या सहाव्या दिवशी संध्याकाळी सटवाईची पूजा करतात, तिला सहावी म्हणतात. पाटा मांडतात, त्याला हळदकुंकू लावतात, दिवा लावतात, आणि पुढे कोरा कागद आणि पेन ठेवतात. सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहून जाते म्हणतात. माझ्या सहावीला घरात पेन नव्हतं. गुरुजींकडून आणायला कुणाला तरी पिटाळलं तर त्यांच्या घराला कुलूप. मग चुलीतला विझलेला कोळसा कागदावर ठेवला.

हे मला आईनं कधी सांगितलं नाही. लोकांनी सांगितलं. चौथीनंतर माझी शाळा सुटली, कारण पाचवीला कर्जतला जावं लागायचं आणि घरी पाठची भावंडं सांभाळायला माणूस हवं होतं. तेव्हा शेजारची एक बाई सहज म्हणाली, हिचं कोळशानं लिहिलंय, पुसलं जाणारच. आत्याबरोबर ती गोष्ट माझ्या सासरी पण आली. माझ्या हातून भाकरी करपली तरी कुणीतरी कोळशाचा विषय काढायचं. सगळे हसायचे, मी पण हसायची. पण रात्र झाली की मला वाटायचं, असेल बाई खरं. कोळशानं लिहिलेल्याला काय भरवसा.

माझी मुलगी झाली तेव्हा सहावीला दुकानातलं निळ्या टोपणाचं पेन ठेवलं. ते नंतर कुठं गेलं कुणाला माहीत नाही. गेल्या वर्षी तीच मुलगी बाळंतपणाला माहेरी आली आणि माझ्या मनानं घेतलं की हिच्या बाळापुढे जे पेन ठेवायचं ते मी करायचं. रेझिन ओतण्यापासून सगळं माझ्या हातचं. पुढे बाळाजवळ राहील असं.

पण बाळ यायच्या आधी त्याच्यासाठी काही करून ठेवायचं नाही अशी आमच्याकडे रीत आहे. झबलं शिवायचं नाही, पाळणा आणायचा नाही. मग पेन तरी कसं करणार? म्हणजे जे काही करायचं ते बाळ झाल्यापासून सहावीच्या संध्याकाळपर्यंत. कांडी वाळायलाच त्यातला निम्मा वेळ जाणार. मी रोज शेडमध्ये दुसऱ्यांची पेनं घासायची आणि मनात हिशेब करायची.

दिवाळी होऊन भातकापणी अर्धी झाली होती तेव्हा कर्जतच्या दवाखान्यात मुलीला मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी विहीणबाई तिच्याजवळ थांबल्या आणि मी घरी आले. आले ती चहा करून थेट शेडमध्ये गेले. भावजींनी चहा घेतला. मी तिथंच उभी.

"काय वहिनी? बाळबाळंतीण बरी हाय ना?"

"बरी आहे."

मी कप घेऊन दारापर्यंत गेले. परत आले. पुसलेलं टेबल पुन्हा पुसलं. भावजींनी मशीन बंद केलं.

"वहिनी, काय हवंय ते बोला. ते टेबल झिजंल आता."

"मला एक पेन करायचंय. सहावीला. मीच करणार. कातणार पण मीच." हे मी टेबलाकडे बघून बोलले.

त्यांनी हात पुसले. मग फळीवरून डब्या खाली काढल्या. "हे रेझिन, हा हार्डनर. माप तुमाला माहीत हाय. दोन कांड्या ओता, एक घाबरण्यात जाते. माझीपण गेलेली. रंग निळा घ्या, पिवळा संपलाय. आणि कातताना डोळ्याला गॉगल लावायचा, त्याशिवाय मशीनला हात नाय लावायचा."

एवढंच. एवढ्यासाठी मी दोन वर्षं गप्प बसले होते.

भावजी पार्सलं घेऊन कर्जतला गेले. मी एकटीच होते. मला पिवळंच पेन हवं होतं. सटवाईचा पाटा, बाळाचं अंगडं, सगळं हळदीचं असतं, त्यात निळं पेन कसं दिसेल? मग मी स्वयंपाकघरात गेले आणि हळदीचा डबा घेऊन आले. हळद घरची, परसातली. रंग तो रंग, असा मी विचार केला.

चमचाभर हळद रेझिनमध्ये घालून ढवळली. काय सुंदर पिवळं झालं! मी उन्हात धरून बघितलं. मग त्यात हार्डनर ओतला आणि बुडबुडे येऊ नयेत म्हणून हळूहळू ढवळायला लागले. ढवळता ढवळता पिवळ्याचं नारिंगी झालं. मला वाटलं माझीच सावली पडली असेल, म्हणून दारात गेले. दारात बघते तर नारिंगीचं लाल. पळीत घेतलं तर विटेसारखं लाल. भांड्यात काही पडलं होतं का, की माझ्याच हाताला काही आहे, काही कळेना. आणि थांबताही येत नव्हतं, कारण हार्डनर पडला की रेझिन कुणासाठी थांबत नाही. तसंच साच्यात ओतलं आणि डोक्याला हात लावून बसले.

आत्या काठी टेकत बघायला आली. "काय झालं गं? रडतेस काय?"

"हळद घातली होती. लाल झाली."

तिनं साच्यात वाकून बघितलं. "मग होणारच की. चुना घातला काय?"

"चुना नाही, हार्डनर."

"तो पण चुन्याचाच भाऊ असंल. कुंकू कसं करतात गं? हळदीला चुना लागला की ती लाल होते. आमी पाट्यावर वाटून केलंय घरी. एवढी म्हातारी झालीस आणि..." ती हसायला लागली, तिचं बोळकं दिसलं. "देवीपुढं हळद नेत होतीस, कुंकू झालं. बिघडलं कुठं?"

मला ते माहीत होतं. लहानपणी बघितलं होतं. पण समोरच्या प्लास्टिकच्या भांड्यात तेच होतंय हे डोक्यातच आलं नाही.

मुलगी बाळाला घेऊन घरी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी कांड्या साच्यातून निघाल्या. बाहेरून दोन्ही मळक्या तपकिरी. भावजींनी उलटसुलट करून बघितल्या. "हळद चाळली नव्हती काय? गाठी हायत आत. गाठीपाशी फुटते कांडी." चाळायचं सुचलंच नव्हतं. त्यांनी भोकं पाडून दिली नाहीत, बाजूला उभे राहून माझ्याकडून पाडून घेतली. नळ्या मी चिकटवल्या.

सहावीच्या दिवशी सकाळीच मी गॉगल लावून लेथपुढे उभी राहिले. मशीन सुरू केलं. कांडी फिरायला लागली आणि मला तिचा वारा लागला. हत्यार टेकवलं तर टकटकटक असा आवाज, हाताला झिणझिण्या. कोपरे जरा गेले, जरा बरं वाटलं. आणि मग भीतीनं मी हत्यार जोरात दाबलं. फाटकन आवाज झाला. कांडीचा लचका उडून पत्र्यावर आदळला. घरातून मुलगी ओरडली, "आई! काय फुटलं?"

भावजींनी मशीन बंद केलं. लचका शोधून टेबलावर ठेवला. त्याच्या मधोमध पिवळी गाठ होती.

"एक गेली," ते म्हणाले. "आता दुसरी."

"तुम्हीच करा भावजी. संध्याकाळ व्हायला किती वेळ आहे? हीपण गेली तर दुकानातलं ठेवावं लागेल."

"मी नाय करत. तुमी सांगितलं ना, तुमीच कातणार." मग म्हणाले, "विळीवर काकडी चिरता तेव्हा पातं हलतं काय?"

"नाही."

"काय हलतं?"

"काकडी."

"मग हे काय वेगळं हाय? पात्यानं काय करायचं नसतं, ते नुसतं जाग्यावर राहतं. कांडी स्वतःहून येते पात्याकडे. तुमी दाबू नका, तुमी नुसतं धरा."

मी चाळीस वर्षं विळीवर बसलेय. त्यांनी हे सांगितलं आणि माझे खांदे खाली आले. दुसरी कांडी चढवली. हत्यार धरलं आणि नुसतं धरलं. टकटक हळूहळू बारीक झाली, मग थांबलीच, आणि शेवया पडतात तशी एक लांब लाल तार निघायला लागली. तुटेना. माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत गेली. आतून कुंकवाचा रंग वर आला, ओल्या कुंकवाचा, गडद.

मग ती दिसली. फिरत्या लाल रंगात एक पिवळी रेघ. गाठ होती, फिरताना रेघ दिसत होती. आता हत्यार तिच्यावर जाणार.

"थांबू?" मी विचारलं.

"बघा तुमीच."

मी मशीन थांबवलं. गाठीच्या जागी कोरडी हळद दिसत होती, नखानं टोकरली असती तर निघाली असती. ती तशीच ठेवून पुढे गेले असते तर कांडी गेली असती. मी विचार केला की भिंतीचा पोपडा निघाला तर आपण आधी ती जागा भरून घेतो. फळीवरची पातळ गोंदाची बाटली घेतली आणि गाठीवर एक थेंब सोडला. हळदीनं तो पिऊन टाकला. अजून एक सोडला. वाळेपर्यंत दारात उभी राहिले. भावजींनी चूळ भरायला घेतलेलं तांब्यातलं पाणी तसंच तोंडात धरलं होतं, ते आता थुंकले.

पुन्हा मशीन सुरू केलं. हत्यार गाठीवरून गेलं तेव्हा नुसता सूं आवाज झाला. फुटली नाही.

घासणं आणि चकाकी हे तर माझंच काम. ते मी जेवायला न जाता केलं. लाल पेन आणि त्याच्यावर मधोमध मोहरीएवढा पिवळा ठिपका. टोक, क्लिप, रिफिल बसवलं तोवर घरात पाटा मांडायची तयारी सुरू झाली होती.

पूजेला आत्या मोठी. तिनं पेन हातात घेऊन डोळ्यांजवळ नेलं, वास घेतला. "टोपण कुठाय?"

"याला टोपण नसतं. असं फिरवलं की टोक बाहेर येतं."

"आणि सटवाईला काय माहीत फिरवायचं? ती बिचारी हातात घेऊन बसंल. आधीच फिरवून ठेव."

मुलगी बाळ घेऊन बसली होती, ती हसायला लागली. मी टोक बाहेर काढलं. "चालतंय का बघ तरी," मुलगी म्हणाली. कोऱ्या कागदावर लिहायचं नव्हतं, तो कोराच लागतो. मग मी माझ्या तळहातावर एक रेघ ओढली. निळी, सरळ आली.

कागदावर पेन ठेवताना मी हळूच म्हणाले, "माझ्यासारखा कोळसा नको."

आत्यानं ऐकलं. "कोळशाला काय झालं? मीच ठेवलेला तो."

"तुम्ही?"

"मग कोण? तुझी आई बाळंतीण, तुझा बाप बाहेर. सगळ्या बाया म्हणाल्या पेन नाय तर नुसता कागद ठेवा. मी म्हटलं, कोऱ्या कागदावर कशानं लिहील ती, बोटानं? चुलीतला चांगला टोकदार बघून ठेवला मी. गुळगुळीत केला पण, फडक्यानं पुसून." तिनं माझ्याकडे बघितलं. "लोकं काय, काय पण बोलतात. मी तर हसायसाठी बोलते. तुला लागतं काय गं ते?"

मी कागदावरचं पेन उगाच सरळ केलं. इतकी वर्षं मी त्या कोळशाचा विचार केला होता आणि तो कुणी फडक्यानं पुसून, टोकदार बघून ठेवला असेल असं कधी मनात आलं नव्हतं.

सकाळी कागद कोराच होता, असतोच तसा. मुलीनं तो पेनाभोवती गुंडाळला आणि बाळाच्या अंगड्याबरोबर डब्यात ठेवला. जाताना सासरी घेऊन गेली.

फुटलेली कांडी भावजी टाकून देत होते, मी मागून घेतली. या वेळी लगेच मागितली. लचका पुन्हा बसवला, फटीत रेझिन भरलं, आणि कातून तिचंही पेन केलं. तेच आता माझ्या हातात आहे. खिडकीत ठेवल्यानं त्याचा रंग थोडा उतरलाय, उन्हात हळद टिकत नाही. नातीचं पेन डब्यात आहे म्हणून तसंच लाल आहे असं मुलगी फोनवर सांगते.

साध्या ऑर्डरच्या कांड्या आता मीच कातते. भावजी रंगाची आणि मापाची कामं बघतात. आणि गावात गोष्ट पसरली तेव्हापासून सहावीचं पेन मागायला बायका येतात. आधीपासून करून ठेवता येत नाही, म्हणून कर्जतच्या दवाखान्यातून फोन आला की मग आमची धांदल सुरू होते. मी रेझिन मोजायला घेते. आत्या चाळण घेऊन दारात बसते, तिला आता तेवढंच काम झेपतं, पण ते ती कुणाला करू देत नाही. हळद चाळता चाळता थांबते आणि विचारते, "एखादी गाठ राहू देऊ काय गं?"

मी म्हणते, "एक राहू दे."